नेट हळू आहे, पण नेमकं कुठे?

या वेळी संपादकांनी पाठवलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच होता : "ताई, नेट चालू आहे, पण लई हळू आहे. काय करू?" शाहूपुरीत माझं छोटं दुकान आहे आणि गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात आणि आसपास नेटवर्क बसवायचं, दुरुस्त करायचं काम करते. हे वाक्य कानावर पडलं की मी लगेच उलटे प्रश्न सुरू करते. पान उघडायलाच वेळ लागतो, की उघडायला लागल्यावर रखडतं? दिवसभर, की रात्री आठनंतर? एकाच कॉम्प्युटरला, की सगळ्या घराला? वायरीवर, की वायफायवर? कधीपासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं?

बंद पडलेलं नेट शोधायला सोपं. काहीतरी तुटलेलं असतं आणि ते सापडतं. हळू नेट माणसाला चकवा लागल्यासारखं फिरवतं, कारण सगळे दिवे हिरवे असतात आणि जो तो "आमच्याकडून ओके आहे" म्हणून मोकळा होतो. म्हणून या अंकात फक्त हळू नेटची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं मशिन शॉप आहे. ऑफिसातल्या सर्व्हरवरून शॉपमधल्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंगची फाइल घ्यायची तर ८० एमबीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सर्व्हर जुना झाला असं सांगितलं म्हणून नवीन घेतला. तरी तेच. पिंग करून (छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते) बघितलं तर एक मिलिसेकंद, एकही चुकत नाही. मग अडतंय कुठे? – एक कारखानदार

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी गाडी काढून तुमच्याकडे आले होते, हे वाचकांना सांगते, कारण तिथं जे दिसलं ते पत्रावरून कळलं नसतं.

तुमच्या शॉपमधला स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा, लेथच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर कूलंटचा चिकट थर आणि त्या थरावर बिडाची बारीक धूळ. फडक्यानं पुसल्यावर दिवे दिसायला लागले. या जुन्या स्विचला प्रत्येक पोर्टला दोन दिवे आहेत, एक लिंकचा आणि एक डुप्लेक्सचा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येतं का ते सांगणारा. ऑफिसकडून येणारी केबल ज्या पोर्टात आहे, त्याचा दुसरा दिवा विझलेला होता. बाकी सगळ्या पोर्टांचा लागलेला. तुमच्या मुलाला मी फाइल कॉपी करायला लावली, तसा तो विझलेला दिवा पिवळा लुकलुकायला लागला. कॉपी थांबवली, लुकलुक थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा लुकलुक. सर्व्हरकडे बघायची गरजच उरली नाही.

झालं होतं असं. ऑफिसातला मोठा स्विच कुणीतरी काही वर्षांपूर्वी बसवताना त्या पोर्टाला हातानं "१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स" असं पक्कं करून ठेवलं होतं. शॉपमधला छोटा स्विच "ऑटो" वर आहे. ऑटोवाला स्विच केबल लावली की समोरच्याला विचारतो, तुला काय काय जमतं? पण पक्कं करून ठेवलेलं पोर्ट या प्रश्नाला उत्तरच देत नाही. केबलवरच्या सिग्नलवरून छोट्या स्विचला वेग ओळखता येतो. डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरायचं, असा इथरनेटचा नियमच आहे. म्हणजे एकाच पुलाच्या एका टोकाचा शिपाई पूल दुपदरी समजून गाड्या सोडतोय आणि दुसऱ्या टोकाचा एकपदरी समजून समोरून गाडी दिसली की आपली मागे घेतोय.

हाफवाला बोलत असताना समोरून काही आलं की त्याला ती टक्कर वाटते. तो अर्ध्यात थांबतो आणि पुन्हा पाठवतो. फुलवाल्याला हे अर्धवट तुकडे मिळतात, ते तो खराब म्हणून टाकून देतो. ऑफिसच्या स्विचमध्ये लॉगिन करून मी त्या पोर्टाचा सीआरसी एररचा, म्हणजे खराब आलेल्या तुकड्यांचा, आकडा बघितला. कॉपी चालू असताना तो माझ्या डोळ्यांदेखत चढत होता. आणि पिंग चोख का? पिंगचं एक छोटं पॅकेट जातं, त्याचं उत्तर येतं, मग सेकंदभरानं दुसरं जातं. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतच नाहीत, तर टक्कर होणार कशी?

मोठ्या स्विचचं पोर्ट ऑटोवर आणलं. एक मिनिटाचं काम. तीच ८० एमबीची फाइल आठ सेकंदांत उतरली. वीस-पंचवीस मिनिटं ड्रॉइंगसाठी मशिन आणि माणूस दोघं थांबून राहायचे, आणि सर्व्हरवर घातलेले पैसे परत येणार नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ज्यांच्याकडे दिवे बघायची सोय नाही त्यांच्यासाठी : एका खिडकीत मोठी फाइल कॉपीला लावा आणि दुसऱ्या खिडकीत, ज्या कॉम्प्युटरवरून फाइल येतेय त्याला सतत पिंग चालू ठेवा. नेट मोकळं असताना चोख आणि कामाला लागल्यावर पिंग गळायला लागलं, तर दोष बहुतेक तुमच्या भिंतीच्या आतच आहे : डुप्लेक्स, केबल किंवा कनेक्टर. केबलचं आणखी एक. १०० एमबीपीएसला केबलीतल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कनेक्टरमधली एक तार सुटली तर बरेच स्विच काही न बोलता १००वर उतरतात आणि आपण वर्षभर नेटवाल्याला बोल लावत बसतो. आणि स्वस्तातली केबल घेताना सोलून बघा. वरून तांब्याचा रंग आणि आतून पांढरी तार दिसली, तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. लांब पल्ल्याला ती मी कधीही वापरत नाही.

प्रश्न : हुपरीत माझा चांदीचा व्यवसाय. शंभरचा प्लॅन घेतला, डाउनलोड करताना अकरा दिसतंय. सरळसरळ फसवणूक आहे का? – एक वाचक

उत्तर : नाही. प्लॅनमधले शंभर मेगाबिट आहेत, डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर भागिले आठ, साडेबारा. त्यातला थोडा भाग पॅकेटांच्या पत्त्यांवर आणि हिशेबावर जातो. अकरा दिसतंय म्हणजे तुमचा माल पुऱ्या वजनाचा आहे.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, वय ७१. मुलगा अमेरिकेत असतो. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल होतो आणि रोज आठ-दहा मिनिटांत त्याचं चित्र थांबतं, आवाज तुटतो. नेटवाला दोनदा येऊन गेला. मोबाइलवर स्पीड दाखवतो, शंभर म्हणतो आणि जातो. थोरल्या मुलाचा मुलगा माझ्याकडे शिकायला आहे, तो म्हणतो आजी, तुझा फोन जुना आहे. घेऊ का नवीन? – एक आजी

उत्तर : काकू, फोन घेऊ नका. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की नातू सव्वाआठला क्लासवरून घरी येतो. मी दुकानातून फोन लावून त्यालाच कामाला लावलं, आणि पोरानं मन लावून केलं.

त्याला सांगितलं, लॅपटॉप वायरीनं राउटरला जोड आणि पिंग चालू ठेव. घरात कुणी काही करत नसताना उत्तर २८ मिलिसेकंदांत येत होतं. मग म्हटलं, आता तुझ्या मोबाइलचं वायफाय चालू कर. मोबाइल घरच्या वायफायला लागला, दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढायला लागले, आणि आकडे वाढत गेले : ९०, ३००, ८००, १४००. फोनवर तो म्हणाला, "मावशी, हे काय झालं?" चौदाशे मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. तुमच्या मुलाचं "आई, जेवलीस का?" तुमच्याकडे वेळेवर पोचत असेल, तुमचं "हो" मात्र दीड सेकंद तुमच्याच घरात, नेटच्या डब्यात रांगेत उभं असतं.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आठवा. मांडव कितीही लांब घातला तरी गाभाऱ्यापुढून माणसं सरकायचा वेग तोच राहतो. वाढतं ते फक्त मांडवात उभं राहणं. राउटरमध्ये आणि कंपनीनं लावलेल्या डब्यातही असा मांडव असतो, त्याला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तसा हे डबे बनवणाऱ्यांनी तो लांबच लांब घातला. तुमच्या लाइनीचा खाली यायचा वेग १०० आहे, पण वर जायचा १०च. नातवाच्या फोटोंनी तो मांडव भरून टाकला आणि तुमच्या कॉलची छोटी छोटी पॅकेटं शेवटी जाऊन उभी राहिली. फोटो पाठवणारा मोबाइल स्वतःहून वेग का कमी करत नाही? एखादं पॅकेट हरवलं की वाट भरली असं त्याला कळतं. इथं काहीच हरवत नाही, सगळं फक्त थांबून राहतं. नेटवाला येतो तेव्हा तो फक्त वेग मोजतो, थांबणं मोजत नाही.

या दुखण्याला बफरब्लोट हे नाव संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी दिलं. २०१०च्या सुमारास त्यांनी हा विषय लावून धरला, आणि सुरुवात त्यांच्या स्वतःच्या घरच्या नेटपासून झाली होती. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' नावाची पद्धत मांडली. ती रांग किती लांब आहे हे बघत नाही. रांगेत किती वेळ उभं राहावं लागतंय हे बघते आणि तो वेळ वाढत राहिला की काही पॅकेटं टाकून देते, म्हणजे पाठवणारा शहाणा होतो. हे तेच जेकबसन. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. तेव्हा त्यांनी त्याचं मूळ शोधलं आणि १९८८ मध्ये पाठवणाऱ्यानं आपला वेग कसा आवरावा हे लिहिलं. आपण आज जे नेट वापरतो ते त्यावर उभं आहे.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस म्हणून पान आहे. तिथं वर जायची मर्यादा १०च्या ऐवजी ८.५ लिहायला नातवाला सांगितलं. त्यामुळे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो कॉलला पुढे सोडू शकतो. त्या रात्री फोटो चढत असताना पिंग ५० ते ६० होतं. ज्यांच्या राउटरला ही सोय नाही त्यांनी कॉलच्या वेळी फोटोंचा बॅकअप बंद ठेवावा. नवीन राउटर घ्यायचाच झाला, तर एसक्यूएम (रांग नीट सांभाळायची सोय) असलेला मागा.

प्रश्न : मंगळवार पेठेत जुना वाडा आहे. सोप्यात वायफाय छान, माजघरात रडतखडत. – एक वाचक

उत्तर : तुमच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या, दगड-मातीच्या. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंत पार करताना दमतं; २.४चं लांब जातं, पण पेठेत घराला घर लागून असल्यानं तिथं गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह चालू केला की तोही त्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल ठेवा, मधले घेतले तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी भांडण. पण खरा इलाज एकच आहे : माजघरापर्यंत एक केबल ओढा आणि तिथं दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. भिंतीवर मारायचे रिपीटर मी अशा वाड्यात सुचवत नाही. बहुतेक रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

प्रश्न : मी संशोधन करतो. घरी २०० एमबीपीएसची लाइन, स्पीड टेस्ट १८० दाखवते. पण अमेरिकेतल्या सर्व्हरवरून उपग्रहाची चित्रं उतरवताना वेग २ एमबीपीएसच्या वर जात नाही. मुंबईतल्या सर्व्हरवरून एकच फाइल घेतली तर ४० मिळतात. परदेशी साइट अडवतात का? – एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या पत्रात आकडे होते, त्यामुळे मला फार आनंद झाला. ४० आणि २, वीस पट फरक. मी कळवल्यावर तुम्ही दोन्हीकडचं पिंगही पाठवलंत : मुंबई १२ मिलिसेकंद, अमेरिका २५०. तिथंही वीस पट. हे दोन फरक जुळतात तेव्हा कुणी अडवत नसतं, हिशेबच तसा असतो.

ऊस घालायची एक कल्पना करा. कारखान्यानं सांगितलंय, तुमच्या एका वेळी चारच ट्रॉल्या रस्त्यावर राहतील. काट्यावरची पावती हातात आल्याशिवाय पाचवी भरायची नाही. कारखाना बावड्यात आणि शेत नदीपलीकडे असेल तर ट्रॉल्यांची ये-जा भराभर होते. तोच कारखाना दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर रस्ता सहापदरी असला तरी शेतात ऊस वाळतो. टीसीपीत, म्हणजे नेटवरून माल पाठवायच्या-पोचवायच्या नियमांत, या चार ट्रॉल्यांना विंडो म्हणतात. १९८१ च्या नियमात विंडोचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा दिली, म्हणून ती जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. २५० मिलिसेकंदांत एकदा एवढंच जाणार असेल तर वेग येतो २.१ एमबीपीएस. १२ मिलिसेकंदांत तेवढंच जात असेल तर ४३.७. तुमचे आकडे बघा, कुठे जाऊन बसतात ते.

हे दुखणं १९९२ मध्येच सोडवलं गेलं. विंडो स्केलिंग नावाची सोय आली आणि त्या १६ बिटांना गुणक मिळाला. २०० ची लाइन २५० मिलिसेकंदांच्या वाटेवर भरून वाहायला सुमारे सव्वासहा एमबी माल एका वेळी वाटेत असावा लागतो, आणि आजचे कॉम्प्युटर हे स्वतःहून जुळवून घेतात. मग तुमचाच का नाही? मी तुम्हाला नेटश कमांडनं टीसीपीची सेटिंग बघायला सांगितली आणि उत्तर आलं : ऑटो ट्यूनिंग डिसेबल्ड. मागे कुणीतरी "नेटचा वेग वाढवायची युक्ती" म्हणून ते बंद करून दिलं होतं, हे तुम्हाला तेव्हा आठवलं. ते नॉर्मलवर आणल्यावर तुम्हाला ९० पर्यंत वेग मिळाला, असं तुमचं दुसरं पत्र सांगतं.

स्पीड टेस्टनं हे का पकडलं नाही, हेही लक्षात घ्या. ती जवळच्या सर्व्हरशी एकदम अनेक जोडण्या उघडते. चार शेतकऱ्यांच्या चार-चार ट्रॉल्या धावल्या की रस्ता भरलेला दिसणारच.

२५० मिलिसेकंद मात्र कमी होणार नाहीत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. अमेरिका दहा-पंधरा हजार किलोमीटर, केबलची वाट त्याहून वळणाची. तिथं पैसे टाकून काही होत नाही.

प्रश्न : आमचं सीएचं ऑफिस आहे. नवीन राउटर बसवल्यापासून काही साइट पटकन उघडतात, काहींवर नुसतं गोल फिरत राहतं. साधा ईमेल जातो, फाइल जोडली की अडकतो. रिटर्न भरायच्या दिवसांत जीव मेटाकुटीला येतो. – एक वाचक

उत्तर : छोटं जातं, मोठं अडकतं, ही खूण. इथरनेटवर एका पॅकेटाची कमाल मर्यादा १५०० बाइट. तुमची लाइन पीपीपीओईवर आहे, म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाते. त्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटातले ८ बाइट खर्च होतात आणि १४९२ उरतात. १५०० चं पॅकेट आलं, त्यावर "तोडू नये" असा शेरा असला, की वाटेतल्या राउटरनं पाठवणाऱ्याला "मोठं होतंय, लहान करा" असा निरोप द्यायचा असतो. पण काही ठिकाणी फायरवॉलवाले सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच अडवतात. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि तुमच्या पडद्यावर गोल फिरत राहतं. निरोप अडवणाऱ्यांबद्दल मला राग आहे. त्यांच्या चुकीचा त्रास त्यांना कधीच दिसत नाही.

तपासायचं असं : विंडोजवर पिंगला "न तोडता" चा पर्याय लावून १४६४ बाइटचं पाठवा, मग १४७२ चं. पिंगचे स्वतःचे आणि पत्त्याचे मिळून २८ बाइट वर चढतात, म्हणून पहिलं बरोबर १४९२ होतं आणि दुसरं १५००. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं, तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनीच्या) सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटाची कमाल मर्यादा, १४९२ लिहा. एमएसएस क्लॅम्पिंग असा पर्याय असेल तर तोही चालू करा.

प्रश्न : फुलेवाडीत रात्री नऊ ते अकरा नेट अगदी मेल्यासारखं असतं. तक्रार केली की राउटर बंद करून चालू करा, एवढंच ऐकायला मिळतं. – एक वाचक

उत्तर : माझ्या घरीही दोन वर्षांपूर्वी हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण तीन वेळा माणूस आला, तीनही वेळा सकाळी अकराला, आणि अकराला सगळं छानच असायचं. शेवटी मी एक जुना लॅपटॉप केबलनं राउटरला जोडला. वायफाय मध्ये ठेवलं तर ते वायफायवर ढकलतात, म्हणून केबल. दोन पिंग चालू ठेवले, एक राउटरला आणि एक बाहेरच्या पत्त्याला. सात रात्री दर अर्ध्या तासाला दोन्हीकडचा वेळ आणि किती हरवले ते वहीत लिहिलं. राउटरपर्यंत कायम एक मिलिसेकंद, हरवलं शून्य. बाहेर सकाळी सहाला १४ मिलिसेकंद आणि शून्य; रात्री साडेनऊला ११० आणि शंभरात तीन गायब.

तीन म्हणजे थोडे वाटतात. पण शंभरातलं एक हरवलं आणि जाऊन-यायला ४० मिलिसेकंद लागत असले, तर नेहमीच्या टीसीपीची एक जोडणी साडेतीन एमबीपीएसच्या आसपास अडकते, मग प्लॅन कितीचाही असो. प्रत्येक हरवलेल्या पॅकेटाला पाठवणारा "वाट भरली" समजून वेग निम्म्याच्या आसपास आणतो. तिनाला काय होत असेल?

फायबरच्या डब्याच्या पानावर आलेल्या प्रकाशाचा आकडा असतो, तोही रोज टिपला. माझा −२१ डीबीएम, रात्रंदिवस तोच. हा आकडा −२७ च्या खाली घसरला की साधारण डबा तग धरत नाही. पावसात किंवा वाऱ्यात तो घसरत असेल तर बाहेर कुठेतरी जोड खराब आहे किंवा तंतू फार वाकलाय. माझा स्थिर होता, म्हणजे घरापर्यंतची लाइन चांगली आणि गर्दी पुढे. एका फायबरवर येणारे सुमारे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि त्याच्याही पुढे कंपनीनं वरची लाइन किती घेतलीय यावर रात्रीचं सगळं अवलंबून असतं.

ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या टप्प्यांतून जातं त्याची यादी, काढून दाखवणार असाल तर एक जपा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ताऱ्याच्या खुणा दिसल्या आणि पुढचे टप्पे स्वच्छ असले, तर तो दोष नव्हे. तो राउटर पॅकेटं पुढे न्यायच्या कामात असतो, तुमच्या चौकशीला उत्तर देणं त्याच्या यादीत खाली असतं. नुकसान एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकलं, तरच त्या टप्प्याकडे बोट दाखवा. नाहीतर समोरचा जाणकार असेल तर तुमची सगळी वहीच बाजूला सारतो.

चौथ्या वेळी आलेल्या मुलाला मी वही दाखवली. त्यानं उभ्या उभ्या चार पानं चाळली, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, हे मी वर पाठवतो." पाच दिवसांनी आमची गल्ली दुसऱ्या लाइनीवर गेली. तुम्हीही वही घाला. आणि त्या सात दिवसांत राउटर बदलू नका, प्लॅन बदलू नका, काहीच बदलू नका. नाहीतर कशानं काय झालं हे कुणालाच कळणार नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. माझे बाबा नेट दुरुस्त करतात आणि सारखं पिंग पिंग म्हणतात. हे पिंग कुणी तयार केलं? – कसबा बावडा

उत्तर : बाळा, माइक म्यूस नावाच्या माणसानं, डिसेंबर १९८३ मध्ये. तो अमेरिकेच्या लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करायचा. पाणबुडीतून आवाज सोडतात आणि तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते ऐकतात, त्या आवाजावरून त्यानं नाव ठेवलं. त्या दिवशी त्यांचं नेटवर्क विचित्र वागत होतं आणि कारण सापडत नव्हतं. म्हणून त्यानं एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींचा हा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो चालावा म्हणून कॉम्प्युटरच्या आतल्या भागातही बदल केले, आणि उजाडायच्या आत सगळं चालू केलं. त्याचं पहिलं पिंग निघायच्या आतच इतरांना दोष सापडला होता, आणि तो हार्डवेअरचा निघाला.